वेग, ताकद की नेम? रोजचा एकच तास, तो आधी कशाला देऊ?

मूळ प्रश्न

तीन वर्षं कराटे करतोय, सध्या हिरवा पट्टा. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोन दिवस बॉक्सिंगलाही जातो. दोन्हीकडचं ऐकून डोक्यात नुसता गोंधळ झालाय.

कराटेचे सर म्हणतात, आधी नेम, मग वेग, ताकद मागाहून आपोआप येते. बॉक्सिंगचे सर म्हणतात, हात सैल सोड, पटकन मार, पटकन परत आण, नेम जमत जाईल. आणि माझ्यासोबत सराव करणारा मित्र, माझ्यापेक्षा बारा किलोंनी जड, तो म्हणतो या सगळ्या गप्पा आहेत, ज्याच्या अंगात जोर त्याचाच पंच लागतो. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, त्याचंच खरं ठरतं. त्याचे दोन बसले की मी दोन पावलं मागे. माझे सहा बसले तरी तो पुढेच येत राहतो.

परवा मी मोजून पाहिलं. पंचिंग बॅगवर खडूनं बाटलीच्या झाकणाएवढा गोल काढला. सावकाश दहा पंच मारले, नऊ गोलात. जमेल तितक्या वेगानं दहा मारले, चार गोलात. सगळा जोर लावून दहा मारले, तीन गोलात, वर मनगट रात्रभर ठणकत होतं. एक धरायला गेलं की दुसरं सुटतं. नोकरीमुळे रोज एकच तास हाती असतो. तो कशावर घालवू? कुणी अनुभवाचं सांगेल का?

प्रतिसाद १

वेग. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केलंत तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केलात तर चौपट. बारा किलो वजन कमवायला दीड-दोन वर्षं जातील, त्यापेक्षा हात वेगवान करा. शिवाय वेगानं आलेला पंच दिसत नाही, आणि न दिसलेलाच पंच माणसाला पाडतो.

प्रतिसाद २

मी बावीस वर्षं शिकवतेय, त्याआधी नऊ वर्षं स्पर्धा खेळले. आधी कराटे, मग बॉक्सिंग, म्हणजे तुमचीच वाट. जरा सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला हाताचं हाड मोडल्यावर मिळालं.

आधी वरच्या गणिताविषयी. सूत्र बरोबरच आहे, पण त्यातलं वस्तुमान म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. मूठ लागते त्या क्षणी तिच्यामागे शरीराचा जितका भाग जोडलेला असतो तितकंच धरायचं. नुसता हात फेकला तर मागे फक्त हात. टाच वळली, कंबर फिरली, खांदा आला आणि मूठ सगळ्यांत शेवटी पोचली, तर मागे बरंचसं अंग. तुमचे सहा पंच वेगवान असतील, पण वर्णनावरून मला ते हातानं मारलेले वाटतात. मित्राचे दोन अंगानं मारलेले आहेत.

तुमची खडूची मोजणी मला फार आवडली. सावकाश नऊ आणि वेगात चार, ही तुमची उणीव नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींचे प्रयोग करून हेच मांडलं होतं. लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका वेळ जास्त लागतो, आणि घाई केली की नेम फाकतो. माणसाच्या मज्जासंस्थेची घडणच तशी आहे. सरावानं ही मर्यादा पुढे सरकते. अगदी नाहीशी कुणाचीच होत नाही.

आता हाडाचं. चोवीस वर्षांची असताना माझा उजवा हात वेगासाठी ओळखला जायचा आणि मला त्याचा अभिमान होता. एका सरावात, पातळ ग्लोव्हज घातलेले असताना, समोरच्या मुलीची हनुवटी मोकळी दिसली. होतं नव्हतं ते सगळं मी त्या एका क्रॉसमध्ये, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ पंचात, घातलं. तिनं नेमकी त्याच वेळी मान खाली घातली. माझी मूठ हनुवटीऐवजी तिच्या कपाळावर, केसांच्या कडेशी आदळली, आणि तीही करंगळीच्या बाजूनं. वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज झाला. कळ नंतर आली, आधी फक्त हात गरम झाल्यासारखा वाटला. ग्लोव्ह काढून मूठ वळली. मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतात ना, त्यातला शेवटचा दिसतच नव्हता. करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडलं होतं. हा प्रकार इतका नेहमीचा की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. चार आठवडे प्लास्टर. तिच्या कपाळाला साधी सूजही आली नाही.

माझा नेम चुकला तो चार बोटांनी. वेग पुरेपूर होता, ताकद पुरेपूर होती, आणि हाड मोडलं ते म्हणूनच. अर्ध्या जोरानं मारला असता तर हात शाबूत राहिला असता. तुमचं मनगट रात्रभर ठणकलं ते मला म्हणूनच हलक्यात घ्यावंसं वाटत नाही. मूठ गोलाच्या कडेला लागली की मनगट वाकतं आणि जो जोर बॅगेत जायचा तो तुमच्याच सांध्यात परत येतो. ते दुखणं पूर्ण थांबेपर्यंत जोराचे पंच बंद ठेवा.

प्लास्टरच्या दिवसांत मी डाव्या हातात पॅड धरून मुलांचे पंच घेत बसायचे. मला खेळताना कळलं नव्हतं ते त्या चार आठवड्यांत कळलं. काही पंच 'फट्' वाजायचे आणि पॅडच्या चामड्यावरच संपायचे. काहींचा आवाज बसका, 'ढप्प', आणि धक्का माझ्या कोपरापर्यंत यायचा. तेरा-चौदा वर्षांची एक किडकिडीत मुलगी होती. तिचा पंच माझ्या खांद्यापर्यंत पोचायचा. ती काय वेगळं करते ते मी बघत राहिले. मागच्या पायाची टाच आधी बाहेर वळायची, मग कंबर. खांदा जागचा वर उठायचाच नाही. पुढची दोन पेरं, तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं, पॅडच्या मधोमध टेकायची आणि मनगट हाताच्या सरळ रेषेत. तिच्या शेजारचा मुलगा तिच्या दीडपट वजनाचा. तो मारायच्या आधी खांदा कानाकडे उचलायचा आणि दात आवळायचा. मला त्याचा पंच निघण्याआधीच कळायचा.

वेगाबद्दल मी तिथंच शिकले. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळात जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ पंच, पोचलेलाही असतो. म्हणजे पंच बघून कुणी चुकवत नाही. खांदा, कोपर, श्वास, नजर, यांवरून आधीच ताडून चुकवतात. मध्यम वेगाचा, पण निघताना काहीच न सांगणारा पंच, खूप वेगाच्या पण आधी वर्दी देणाऱ्या पंचापेक्षा लवकर पोचतो. तुमच्या बॉक्सिंगच्या सरांचं 'हात सैल सोड' यासाठी सोन्यासारखं आहे. कॅनडाचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंच्या स्नायूंची मापं घेतली. त्यात स्नायू दोनदा आवळलेले दिसले. एकदा निघताना, एकदा लागताना, आणि मधल्या वेळात ते ढिले. तुमचा मधला वेळ आवळलेला असणार. हौशी मंडळींत जवळजवळ सगळ्यांचा असतो.

नेम म्हणजे फक्त डावं-उजवं आणि वर-खाली असंही नाही. खोलीही असते, म्हणजे फटका किती आतपर्यंत जातो ते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कराटेच्या पुरुषांच्या सर्वांत जड गटाची अंतिम लढत आठवा. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ नं पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर इतकी जोरात बसली की गंजजादेह बेशुद्ध झाला. वेग होता, ताकद होती, जागाही बरोबर होती. खोली चुकली. नियमात डोक्यावरचा स्पर्श आवरता घ्यायचा असतो, म्हणून हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्याला सुवर्णपदक मिळालं. हमेदीला रडताना पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

उलट उदाहरण बॉक्सर जॉर्ज फोरमनचं. १९९४, समोर २६ वर्षांचा मायकेल मूरर, फोरमन ४५ चा. नऊ फेऱ्या झाल्या होत्या आणि तो तिन्ही परीक्षकांच्या गुणांत मागे होता. पाय जड, हात संथ. दहाव्या फेरीत डावा, उजवा, सरळ हनुवटीवर, आणि मूरर आडवा. आमच्या क्लासमध्ये ती फेरी मी दरवर्षी दाखवते. तो उजवा हात किती थोडं अंतर कापतो ते बघा. वेगाची कमतरता त्यानं अंतर कमी करून भरून काढली.

तर माझं म्हणणं: नेम पहिला, आणि नेमात अंतर व वेळ दोन्ही धरून. दुसरा सैलपणा, वेग त्याच्या पोटातून येतो. ताकद तिसरी. ती कमी महत्त्वाची म्हणून तिसरी ठेवलेली नाही. नेम नसताना ती स्वतःलाच लागते, म्हणून.

प्रतिसाद ३

मी एपे तलवारबाजी खेळतो, आमच्याकडे हा वाद फार लवकर मिटतो. टोकावर ७५० ग्रॅमचा दाब पडला की दिवा लागतो. त्याहून जास्त जोर लावून काडीचा फायदा नाही. पण दोघांचे स्पर्श सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत झाले तर दोघांनाही गुण. म्हणजे आमच्यात नेम आणि वेळ, बस. मूळ प्रश्नात कुठले नियम आहेत हे आधी ठरायला हवं असं मला वाटतं. तायक्वांदोत इलेक्ट्रॉनिक चिलखत आलं, लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ ला ते वापरलं, आणि तिथं ठरावीक जोराखाली लाथ मोजलीच जात नाही. खेळ बदलला की क्रम बदलतो.

प्रतिसाद ४

मी ज्यूदोवाला. प्रतिसाद २ मधल्या ताईंचं पटलं, फक्त आमच्याकडे लक्ष्य जागा नसून क्षण असतो. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली, तेव्हापासून फेकीचे तीन भाग शिकवतात: कुझुशी, त्सुकुरी, काके. तोल घालवणं, आपलं अंग जागी नेणं, आणि मग फेकणं. ताकद दिसते ती तिसऱ्यात, पण काम झालेलं असतं पहिल्यात.

दे-आशी-बराई घ्या. समोरच्याचा पुढे येणारा पाय आपल्या तळपायानं झाडायचा. त्याचं वजन त्या पायावर टेकायच्या बेतात असतं, अजून टेकलेलं नसतं, तेव्हाच. जरा आधी झाडला तर तो पाय उचलून नुसता पुढे जातो. जरा उशीर झाला तर तो खांबासारखा रोवलेला असतो आणि आपलाच पाय सुजतो. माझ्या डाव्या पायाच्या बाजूला पहिली दोन वर्षं कायम निळं असायचं. एक दिवस जमलं. समोरचा माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड होता आणि मला त्याचं वजन लागलंच नाही, पायाखालची चटई ओढावी तसा तो आडवा झाला. मी काही वेळ तसाच उभा राहिलो. मला वाटलं तोच घसरला.

पण जोराला अगदीच बाजूला सारू नका. पकड मिळवायच्या झटापटीत माझी बोटं दमली की माझी वेळ साधायची कलाही दमते.

प्रतिसाद ५

सगळं खरं, पण मग वजनगट कशासाठी आहेत? १९६४ ला ज्यूदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, तेही टोकियोतच. खुल्या, म्हणजे वजनाची अट नसलेल्या गटात नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकनं जपानच्या कामिनागाला त्याच्याच लोकांसमोर धरून ठेवून हरवलं. गेसिंक दोन मीटरच्या आसपास उंच. मूळ प्रश्नकर्त्याचा मित्र बारा किलोंनी जड आहे, ते बारा किलो नेमानं वितळणार नाहीत. नवख्याला तसं सांगणं धोक्याचं आहे.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद २ कडून)

तुमचं म्हणणं मान्य, आणि ते लिहिलंत हे बरं केलंत. दोघांचा नेम सारखा असेल तर जड माणूस जिंकतो, वजनगट त्यासाठीच आहेत. मी विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाही की तंत्रानं कुणालाही हरवता येतं. गेसिंकचं मात्र एवढं म्हणेन की तो नुसता मोठा नव्हता. तो जपानमध्ये जाऊन शिकलेला, तंत्रानं पक्का होता. मोठा आणि नेमका, असा माणूस समोर आला की अवघडच.

बारा किलोंबद्दल. जड माणसाशी अदलाबदल करायची नाही, की तू एक मार, मी एक मारतो. तो हिशोब तुम्ही दर वेळी हरणार. पण तो पुढे येतोय म्हणता ना? मग त्याची चाल तुमच्या पंचात मिळवा. तो पाऊल टाकत असताना, पाय टेकायच्या आत, सरळ पंच. दोघांचे वेग तिथं एकत्र होतात. २०१५ मध्ये यूएफसीत, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींत, कोनॉर मॅकग्रेगरनं जोसे आल्दोला १३ सेकंदांत पाडलं, ते याच प्रकारे. आल्दो धावून आत आला, मॅकग्रेगर मागे सरकता सरकता डावा हात देऊन मोकळा झाला. नंतर तो म्हणाला, अचूकपणा ताकदीला हरवतो आणि टायमिंग वेगाला. माणूस म्हणून तो मला आवडत नाही, पण त्या वाक्यात मला खोट सापडत नाही.

आणि जागा बदला. उजव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांखाली यकृत असतं. २००४ मध्ये बॉक्सर बर्नार्ड हॉपकिन्सनं ऑस्कर दे ला होयाला नवव्या फेरीत डाव्या हातानं तिथंच मारलं आणि दे ला होया, जो तोवर कधी मोजणीत बाद झाला नव्हता, उठू शकला नाही. डोकं हलतं, यकृत हलवता येत नाही. मित्रासोबत हे अगदी हलक्या हातानं, त्याला आधी सांगून करा. जोर न लावताही जागा बरोबर असली की त्याला कळेल.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल स्पारिंगचं मोबाईलवर चित्रण केलं आणि तुमचं वाचून ते संथ गतीनं पाहिलं. आधी मी ज्यांना 'माझे सहा' म्हणत होतो, त्यातले तीन त्याच्या ग्लोव्हजवर, एक कपाळावर, एक खांद्यावर. खरा लागलेला एकच. तो बसला तेव्हा त्यानंही मान झटकलेली दिसते, तेव्हा मला ते कळलंसुद्धा नव्हतं. दुसरं म्हणजे प्रत्येक पंचाआधी माझं उजवं कोपर बाहेर उघडतं, कोंबडीच्या पंखासारखं. तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही.

तो रोजचा तास आता कसा वापरू?

प्रतिसाद ७ (प्रतिसाद २ कडून)

एकच लागलेला सापडला, यानं मला खरंच आनंद झाला. आता तुम्हाला कुठे बघायचं ते माहीत झालंय.

बॅग थोडे दिवस बाजूला ठेवा. वर्तमानपत्राचं एक पान दोरीला टांगा, छातीच्या उंचीवर. मधोमध तोच झाकणाएवढा गोल. उभं राहायचं ते अशा अंतरावर की हात जवळजवळ सरळ झाल्यावर पेरं कागदाच्या चार बोटं पलीकडे जातील. मुठीचा वेग हात पूर्ण सरळ व्हायच्या आधीच शिगेला पोचलेला असतो, आणि शेवटच्या टोकाला फक्त कोपर दुखतं. त्यामुळे लक्ष्य थोडं अलीकडे हवं. पहिला अर्धा तास एवढंच. दहातले आठ गोलात गेले की वेग एक पायरी वाढवायचा. सहावर आले की पुन्हा उतरायचं. रोजचा आकडा वहीत लिहा. कागद फाटला तर बघा कुठे फाटलाय. गोलाच्या उजवीकडे फाटत असेल तर ते तुमचं कोपर आहे.

मग पंधरा मिनिटं कुणाकडून तरी हलतं पॅड धरून घ्या. पॅड धरणाऱ्यानं ते अचानक दाखवायचं आणि सेकंदभरात काढून घ्यायचं. निघताना खांदा उठला तर त्यानं 'दिसला' म्हणायचं. तेवढंच, बाकी सूचना नकोत.

जोराचं काम शेवटची दहा मिनिटं, मनगट बरं झाल्यावरच, हाताला पट्ट्या नीट गुंडाळून. एका वेळी एकच पंच, मग पूर्ण श्वास, पायाची जागा तपासायची, मग दुसरा. वीस झाले की पुरे. दमलेल्या हातानं जोर लावू नका, माझा हात दमलेलाच होता त्या दिवशी.

उरलेल्या पाच मिनिटांत मोबाईल बाजूला ठेवून चित्रण करा. समोरून नको. अशा जागी ठेवा की मागच्या पायाची टाच दिसेल. तीन आठवड्यांनी त्यातलं एक इथं टाका, मी बघते.